खारापासून सोड्यापर्यंत

इतिहास म्हटला की आपल्या मनात लढाया, तह आणि राजवंश उभे राहतात. वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यान ऐकावयास येणाऱ्या मंडळींची अपेक्षाही बहुधा तशीच असते. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, तिच्यासाठी कोणी लढाई केल्याचे ऐकिवात नाही. ती आपल्या प्रत्येकाच्या घरी मिसळणाच्या डब्याशेजारी एखाद्या लहानशा बाटलीत असते. भजी करावयाची असली की तिची आठवण होते, आणि भजी उरकली की विसर पडतो. ती वस्तू म्हणजे खाण्याचा सोडा.

एवढ्याशा वस्तूवर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे कोणास वाटेल. परंतु या पांढऱ्या पुडीमागे एका संशोधकाचा आत्मघात आहे, धुराने होरपळलेली गावे आहेत, आपल्या देशाचे परावलंबन आहे आणि एका निर्वासित छावणीत वाचलेले असंख्य प्राणही आहेत. आमच्या मते या सर्व कथेतून एकच गोष्ट दिसून येते. ती ही की, एखादी विद्या कोणाच्या हाती आहे आणि ती झाकलेली आहे की उघडी, यावर ती कोणाच्या उपयोगी पडेल हे ठरते.

खाराचे दिवस

सोडा हा शब्द आपल्याकडे विलायतेहून आला, पण वस्तू आली नाही. आपला जुना शब्द खार. तो संस्कृतातील 'क्षार' शब्दावरून आला. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत स्वर्जिकाक्षार आणि यवक्षार यांची नावे येतात, आणि सुश्रुताने तर वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून क्षार कसा काढावा याचा विधीच सांगितला आहे. खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख केली की सज्जीखार मिळे. अरबांनी अशाच झुडपाच्या राखेला जे नाव दिले, त्यावरून युरोपातला 'अल्कली' शब्द निघाला. ईजिप्तमध्ये कैरोच्या वायव्येस वादी नत्रून नावाचे खोरे आहे. तेथील तळी आटली की काठावर नेट्रन नावाचा खार जमे. तो प्राचीन ईजिप्तचे लोक काचेसाठी, धुण्यासाठी आणि मृतदेह वाळवून जतन करण्यासाठी वापरीत. रसायनशास्त्रात सोडियमला जी 'एन्-ए' ही खूण आहे, ती याच नेट्रनवरून पडलेल्या 'नेट्रियम' या नावाची.

ईजिप्तपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. अशनीच्या आघाताने काळ्या खडकात पडलेल्या त्या विवरातले पाणी खारे आहेच, शिवाय ते सोड्याचे आहे. लवणासुराची कथा त्या जागेशी जोडली गेली आणि दैत्यसूदनाचे देऊळ तेथे उभे राहिले, ते उगीच नव्हे. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त या प्रदेशात काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात अशी नोंद केली आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर धरलेला खार लोक गोळा करीत. त्याच्या निरनिराळ्या प्रतींना 'दल्ला', 'पापडी', 'भुसकी' अशी नावे होती. २०२० साली या सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. ते तेथील निसर्गासाठी मिळाले हे खरे, पण खाराच्या इतिहासातही या सरोवराचे स्थान लहान नाही.

या काळाचे वैशिष्ट्य असे की खाराची विद्या सर्वांची होती. पापडखाराने पापड हलका होतो, हे घरच्या वडीलधाऱ्या बाईला माहीत असे. कपड्याला लागलेली हळद साबणाने लाल होते आणि लिंबाने पुन्हा पिवळी होते, हेही तिला माहीत असे. म्हणजे आम्ल आणि अल्क यांची परीक्षा आपल्या परसात रोज होत होती, फक्त तिला तसे नाव नव्हते. उणीव एकच होती. हा खार थोडा मिळे आणि त्यात माती, मीठ असे बरेच काही मिसळलेले असे.

लब्लांचे दुर्दैव

अठराव्या शतकात युरोपात काच, साबण आणि कापड यांचे कारखाने वाढले आणि राखेचा खार पुरेनासा झाला. फ्रान्सला तो मोठ्या प्रमाणावर स्पेनमधून आणावा लागे. समुद्राच्या मिठात सोडियम भरपूर आहे, मग मिठापासूनच सोडा का करू नये, असा प्रश्न निघाला. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यासाठी बक्षीस लावले.

हे कोडे निकोला लब्लां या वैद्याने सोडवले. तो ऑर्लेआँच्या ड्यूकच्या पदरी होता. मिठावर गंधकाम्लाची क्रिया करावयाची, आणि जो पदार्थ मिळेल तो कोळसा व चुनखडी यांच्याबरोबर भट्टीत भाजावयाचा, अशी त्याची रीत. १७९१ साली त्याला तिचे पेटंट मिळाले आणि ड्यूकच्या पैशावर पॅरिसजवळ सँ-दनी येथे कारखाना निघाला. परंतु राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली ड्यूकचा शिरच्छेद झाला आणि कारखाना सरकारजमा झाला. पुढच्याच वर्षी राष्ट्राच्या निकडीसाठी म्हणून लब्लांची रीत छापून प्रसिद्ध करण्यात आली. बक्षीस त्याला कधीच मिळाले नाही. नेपोलियनच्या काळात कारखाना परत मिळाला, पण चालवण्यास भांडवल नव्हते. १८०६ साली लब्लांने आत्मघात केला.

येथे जरा थांबले पाहिजे. विद्या उघडी झाली हे चांगले झाले, असे आम्ही म्हणू. परंतु ज्याने ती दिली त्याच्या पोटाची सोय न पाहता ती उघडी करणे हा अन्याय होता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

लब्लांच्या रीतीने इंग्लंडात कारखाने उभे राहिले आणि सोडा स्वस्त झाला. त्याची किंमत मात्र शेजाऱ्यांनी दिली. मिठावर गंधकाम्ल पडले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा झोंबणारा वायू निघतो. तो धुराड्यातून सरळ हवेत सोडीत. आसपासची झाडे वाळून जात, पिके करपत. भट्टीतून उरलेल्या चोथ्याचे ढीग गावाबाहेर साचत आणि त्यांना सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येई. लोकांच्या तक्रारींमुळे अखेर १८६३ साली ब्रिटिश पार्लमेंटला अल्कली कायदा करावा लागला, आणि त्या वायूपैकी निदान शेकडा ९५ भाग अडवण्याची सक्ती झाली. त्या कायद्याचे पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. 'आम्लपर्जन्य' ही कल्पना पुढे त्यांनीच रूढ केली. हवेच्या शुद्धतेसाठी सरकारने कारखान्यावर निरीक्षक नेमण्याच्या प्रथेच्या मुळाशी अशा रीतीने सोडाच आहे.

सॉल्व्हे आणि झाकलेली विद्या

बेल्जममध्ये अर्नेस्ट सॉल्व्हे नावाचा तरुण आजारपणामुळे विद्यापीठात जाऊ शकला नाही. तो आपल्या मामाच्या गॅसच्या कारखान्यात कामास लागला. तेथे अमोनिया फुकट जात असे. कल्हईवाला भांड्यावर नवसागर फिरवतो तेव्हा नाकाला जो दर्प झोंबतो, त्याच जातीचा हा वायू. मिठाच्या दाट पाण्यात अमोनिया मुरवून त्यात कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडला की पांढरा साका खाली बसतो. हा साका म्हणजेच आपला खाण्याचा सोडा. तो भाजला की धुण्याचा सोडा होतो. अमोनिया पुन्हा हाती येतो आणि पुन्हा वापरता येतो. १८६१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सॉल्व्हेने याचे पेटंट घेतले आणि १८६५ च्या सुमारास कुइये येथे त्याचा कारखाना चालू झाला.

या रीतीत कच्चा माल तोच, मीठ आणि चुनखडी. हवेत सुटणारा तो विषारी वायू नाही आणि खर्चही कमी. सॉल्व्हेला अपार संपत्ती मिळाली. तिचा काही भाग त्याने शास्त्राला दिला. १९११ पासून ब्रुसेल्समध्ये भरलेल्या ज्या परिषदांत आइन्स्टाइन आणि मादाम क्यूरी एकत्र बसले, त्या सॉल्व्हेच्याच नावाच्या. परंतु सोड्याची विद्या मात्र त्याने व त्याच्या भागीदारांनी घट्ट झाकून ठेवली. पेटंटाची मुदत संपली तरी यंत्रांच्या खाचाखोचा बाहेर फुटू दिल्या नाहीत. मोजक्या कंपन्यांनी परवाने घ्यावेत आणि जगाची बाजारपेठ आपसांत वाटून घ्यावी, असा प्रकार झाला. इंग्लंडात हा परवाना ब्रनर आणि मंड यांनी घेतला. त्यांची कंपनी १८७३ साली निघाली, आणि १९२६ साली ती प्रसिद्ध आय.सी.आय.मध्ये विलीन झाली.

पाव फुगतो कसा

आता स्वयंपाकघरात येऊ. पीठ फुगवण्याचा जुना उपाय म्हणजे आंबवणे. इडलीचे पीठ आपण रात्रभर ठेवतो. गोव्याचा पोदेर पावाच्या पिठात माडाची सुर घालीत असे. यांत काम करतात ते सूक्ष्म जीव, आणि त्यांना वेळ व ऊब लागते.

अमेरिकेत जंगले भरपूर, तेव्हा राखही भरपूर. १७९० साली त्या देशाने दिलेले पहिले पेटंट राखेपासून खार काढण्याच्या सुधारलेल्या रीतीसाठीच होते. १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात पिठात असा खार घालण्यास सांगितले आहे. १८४६ साली जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी न्यूयॉर्कमध्ये घरच्या घरी सोडा शुद्ध करून पुड्या बांधण्यास आरंभ केला. १८६७ च्या सुमारास चर्च घराण्याने हातोडा धरलेल्या हाताचे चित्र आपल्या पुडीवर छापले आणि ती खूण पुढे जगभर गेली. आयर्लंडच्या शेतकऱ्याला तर सोडा वरदानच ठरला. तेथल्या मऊ गव्हाला यीस्ट मानवत नसे. आंबट ताक घरचे, त्यात सोडा घातला की चुलीवरच्या झाकणाच्या भांड्यात पाव तयार.

हे घडते कसे? सोड्यात कर्बवायू जणू कोंडून ठेवलेला असतो. त्याला आंबट भेटले की तो तत्काळ सुटतो. पिठात त्याचे असंख्य बुडबुडे होतात, उष्णतेने ते फुगतात, आणि पीठ शिजून घट्ट झाले की जाळी तशीच राहते. नुसत्या उष्णतेनेही सोड्यातून वायू सुटतो, पण तेव्हा मागे धुण्याचा सोडा उरतो. ढोकळ्यात आंबट ताक कमी पडले आणि सोडा जास्त झाला की जी साबणासारखी चव येते, ती याचीच. आणि सोडा नीट न कालवल्यास ढोकळ्यावर जे लाल ठिपके उठतात, ती त्या अल्कात लाल झालेली हळद. ही अडचण ओळखूनच ॲल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्याने १८४३ साली सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर बनवली. त्याच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी सोसत नसत. एका गृहस्थाने पत्नीच्या पथ्यासाठी केलेली ही वस्तू क्रिमियाच्या युद्धात सैनिकांच्या पावापर्यंत पोचली.

सोवळ्यातला सोडा

आपल्याकडे पाव-बिस्किटांचा प्रवेश इतका सरळ झाला नाही. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे प्रसिद्ध केली आणि मोठे ग्रामण्य उठले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ते घेण्याची वेळ आली. ज्या रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्यांनाही हे चुकले नाही. परंतु सोडा मात्र आपल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात निमूटपणे शिरला. त्याला कोणी प्रायश्चित्त मागितले नाही. आम्हांस याचे कारण असे वाटते की, त्याची जागा पापडखाराने आधीच तयार करून ठेवली होती. परकी वस्तू ओळखीच्या कामाला आली की ती परकी राहत नाही. भजी, ढोकळा, बालुशाही यांत सोडा रुळला. सुटीत पिठाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणण्याची हौसही त्यानेच पुरवली.

वस्तू घरची झाली, पण ती बनत होती परदेशात. ज्या देशाला एवढा समुद्रकिनारा आणि एवढे मीठ, त्याने मिठापासून झालेला सोडा बोटीने आणावा, ही मोठी विसंगती होती. १९३० साली मिठासाठी सत्याग्रह झाला तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. सोड्याचा सत्याग्रह कोणी केला नाही. तो कारखान्यात झाला. त्या दशकात सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथे सोड्याच्या उत्पादनाचा आरंभ झाला. बडोदे संस्थानच्या ओखामंडळात, सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, कपिलराम वकील यांनी मिठागरे उभी केली होती. तेथेच १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि मिठापूर हे गाव वसले. सॉल्व्हेच्या मंडळाने झाकून ठेवलेली विद्या आपल्या रसायनज्ञांनी प्रयोग करीत, चुकत, सुधारीत हस्तगत केली. पुढे २००५-०६ मध्ये ब्रनर मंड हीच कंपनी टाटांच्या ताब्यात आली. ज्यांनी दार लावले होते, त्यांच्या घराची किल्ली अशा रीतीने मिठापूरकरांच्या हाती आली.

अति तेथे माती

घरच्या वापराबद्दल काही सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. सोडा सौम्य अल्क असल्याने तेलकटपणा सोडवतो, आणि त्याचे कण बारीक व मऊ असल्याने भांड्यावर ओरखडा उठत नाही. आंबट वासांना तो मारतो, म्हणून थर्मास किंवा डबा धुण्यास तो उत्तम. १९७२ साली अमेरिकेत 'शीतकपाटात सोड्याची पुडी उघडी ठेवा' अशी जाहिरात झाली आणि केवळ त्यासाठी तो खपू लागला. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची १९८६ च्या शताब्दीपूर्वी डागडुजी झाली, तेव्हा आतल्या तांब्यावरचे डांबर काढण्यास सोड्याचाच फवारा वापरला. कढईतल्या तेलाने लहानसा पेट घेतला, तर पाणी न ओतता आच बंद करावी आणि मूठभर सोडा टाकावा. सुटलेला कर्बवायू आग दाबतो. मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून साफसफाई करण्याची जी टूम आहे, तिच्यात फेसाची गंमतच जास्त. दोघे एकमेकांना मारतात आणि उरते ते निरुपद्रवी पाणी.

डाळ किंवा हरभरे लवकर शिजावेत म्हणून सोडा घालण्याची सवय आमच्या मते सोडावी. डाळ मऊ होते खरी, पण तिच्यातील 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते. पोटातल्या जळजळीवर कधीमधी चिमूटभर सोडा चालेल, पण रोजची सवय घातक. सोड्याच्या वजनात शेकडा २७ भाग सोडियम असते. चहाच्या एका चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमची आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर वैद्यास विचारल्यावाचून त्याला हात लावू नये.

बनगावची छावणी

शेवटचे प्रकरण १९७१ सालचे. बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या सरहद्दीवर पडल्या आणि त्यांत पटकी पसरली. बनगाव येथे डॉक्टर दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते आणि रुग्ण जमिनीवर पडून होते. मीठ आणि ग्लुकोज एकत्र दिल्यास आतडे पाणी शोषून घेते, हे ढाका आणि कलकत्ता येथील प्रयोगांत दिसले होते, परंतु ते रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. महालनबीसांनी ते छावणीत आणले. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पटकीत रक्त आम्लतेकडे झुकते, ते सावरण्याचे काम सोड्याचे. कलकत्त्यात पुड्या बांधल्या जात, छावणीत त्या पिंपातल्या पाण्यात विरघळवीत, आणि रुग्णाला पाजण्याचे काम आई, भाऊ, नवरा असे घरचे माणूस करी. जेथे शेकडा ३० च्या सुमारास रोगी दगावत होते, तेथे हे प्रमाण शेकडा ३.६ वर आले.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हाच मार्ग स्वीकारला. दमट हवेत सोड्याच्या पुड्या खराब होत, म्हणून १९८४ साली सोड्याच्या जागी सायट्रेट आले, आणि नंतर प्रमाणेही बदलली. तेव्हा जुलाबावर आज तयार पुडीच वापरावी, वरचे प्रमाण घरी करून पाहू नये. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

लब्लांची विद्या हिसकावून घेतली गेली. सॉल्व्हेने आपली झाकून ठेवली आणि ती मिळवण्यासाठी आपल्या देशाला झगडावे लागले. महालनबीसांनी मात्र जे होते ते छावणीतल्या आईच्या हातात दिले. तीन माणसे, आणि प्रत्येकाच्या हाती तोच सोडा. त्यांच्यापैकी कोणाची वाट धरावयाची, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुरता नाही, तुमच्या-आमच्या घरातलाही आहे. आपल्या आजीला खार का घालतात हे तिच्या परीने माहीत होते. आपण पुडी विकत आणली आणि ते विचारणे सोडून दिले. घरातल्या मुलाने हळद लाल का झाली म्हणून विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. लिंबाची फोड आणि चिमूटभर सोडा त्याच्या हाती द्यावा आणि त्याचे त्यालाच पाहू द्यावे.